मोगरा तुमचा, कढीपत्ता त्यांचा

यंदाच्या एप्रिलच्या टपालात बागेपेक्षा बागेत आलेल्यांबद्दलचीच पत्रं जास्त आहेत. अळ्या, साप, आरशावर चोची मारणारा पक्षी. जानेवारीत दुर्बिणी गळ्यात घालून नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाणारं आपलं नाशिक उन्हाळ्यात कूलर लावून घरात बसतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्या दारात, गच्चीवर घरटी बांधायची घाई चाललेली असते. पत्रं लांबलचक होती, प्रश्न थोडक्यात करून घेतले आहेत.

प्रश्न : कढीपत्त्यावर आणि कुंडीतल्या लिंबावर पक्ष्यांची शीट पडल्यासारखं दिसत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर अळ्या! आता त्या मोठ्या आणि हिरव्या झाल्यात. डिवचलं की डोक्यातून लाल शिंगं काढतात, घाण वासही येतो. रोपवाटिकेतून औषध आणून ठेवलंय. मारू ना? (इंदिरानगरच्या एक वाचक)

उत्तर : ताई, आधी मला सांगा, हा कढीपत्ता तुम्ही फोडणीत घालता ना? मग तो फवारा उद्या कुणाच्या पोटात जाणार? बाटली परत करून या.

या कॉमन मॉरमन नाहीतर लाइम बटरफ्लाय या फुलपाखरांच्या अळ्या आहेत. लहानपणी शिटेचं सोंग घेतात, म्हणजे पक्षी तोंड फिरवतात. मोठ्या झाल्या की पानात पान होऊन बसतात. शिंगं आणि वास हा नुसता दरारा आहे. त्या चावत नाहीत, अंगाला खाजही येत नाही. कॉमन मॉरमनची मादी तर मोठेपणीही सोंगाडीच. या माद्यांमधल्या काही कॉमन रोझ या दुसऱ्याच फुलपाखरासारख्या दिसतात. ते फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागतं, त्याच्या वेषावर ही जगून जाते. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमनला राज्य फुलपाखरू केलं. तेही याच कुळातलं, आणि त्याच्या अळ्याही लिंबूवर्गातल्या झाडांचीच पानं खातात. ज्याला मान द्यायचा त्याच्याच भावंडांवर फवारा मारायचा, हे काही बरं नाही.

रोपाची काळजी वाटते, ते समजू शकते. कढीपत्ता कंबरेएवढा असेल तर काही करू नका. खुडला की तो फुटतोच, मग खुडणारी तुम्ही असा नाहीतर अळी. लिंबाचं रोप वीतभर असेल तर मात्र अळ्या पानासकट उचला आणि शेजारपाजारच्या मोठ्या लिंबावर किंवा बेलावर सोडा, बेलही त्यांना चालतो. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला या उन्हात साधारण महिना लागतो. त्यातले पान खायचे दिवस निम्म्याहून थोडे जास्त. म्हणजे तुमचा त्रास काही आठवड्यांचाच.

आणखी एक सांगते, तुम्ही विचारलं नसलं तरी. आता कढीपत्त्याला पांढऱ्या फुलांचे झुबके येतील. पुष्कळ घरी ते ‘पानं निबर होतात’ म्हणून छाटून टाकतात. एखादी तरी फांदी राखा. फुलांवर सातेरी आणि फुलोरी, दोन्ही मधमाश्या येतात. पुढे काळी फळं धरली की बुलबुल हजर. त्या फळांच्या बिया ते कुठे कुठे टाकतात, आणि कुंपणाशी न लावलेला कढीपत्ता उगवतो. माझ्या मागच्या दारचा तसाच आलाय.

प्रश्न : पूर्वेकडच्या बाल्कनीत मोगरा आहे. पानं हिरवीगार, पण कळ्या मोजक्याच. त्याही जांभळट होऊन गळतात. एवढा मोगरा लावूनही फुलपाखरं का फिरकत नाहीत? (गंगापूर रोडवरचे एक वाचक)

उत्तर : तुमचे खरं तर तीन प्रश्न आहेत. हिरवागार मोगरा म्हणजे भरपेट खाल्लेला मोगरा. युरिया किंवा तसलं काही घालत असाल तर बंद करा. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्यावर येते. त्यासाठी थंडीत पाणी तोडायचं, पानं ओरबाडायची, फांद्या छाटायच्या आणि मग शेणखत घालून पाणी सुरू करायचं. तो मुहूर्त यंदा गेला. आता प्रत्येक फुटव्याचा शेंडा दोन-तीन पेरांवर खुडा. पूर्वेच्या बाल्कनीत ऊन दहा-अकरापर्यंतच असणार. गच्ची असेल तर कुंडी सरळ वर न्या, मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन हवंच.

जांभळट कळी म्हणजे आत किडा आहे. अशा कळ्या खुडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, खताच्या खड्ड्यात नको. किडा कोषात जायला खाली मातीत उतरतो, म्हणून वरची माती खुरप्याने हलवून उन्हात तापू द्या.

फुलपाखरांचं म्हणाल तर बट मोगरा असो नाहीतर हजारी मोगरा, तो माणसांसाठी आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या पाकळ्या वाढवत नेल्या आणि पाहुण्याला वाढायचं ताट कमी करत आणलं. गजऱ्याला उत्तम, देवाला उत्तम, पण फुलपाखराच्या हाती तिथे फारसं काही लागत नाही. जास्वंदीचंही तेच. भरगच्च जास्वंदीपेक्षा साधी पाच पाकळ्यांची लावा. तुमच्याच बाल्कनीत दोन कुंड्या सदाफुलीच्या आणि एक तुळस ठेवा, आणि तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका. मोगलांनी ज्या आपल्या नाशिकचं नाव गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं गाव, असं ठेवलं, तिथल्या रोपवाटिकांत आता नुसत्या पाकळ्यांचीच झाडं पुढे मांडलेली असतात, हे मला खटकतं.

प्रश्न : काळाभोर, चमकदार, चिमणीहून लहान पक्षी सकाळपासून गाडीच्या आरशावर चोची मारतो. शिवाय कपड्यांच्या तारेला कचऱ्यासारखं काहीतरी लोंबतंय. घरटं असेल का? तार वापरायची की नाही? (कॉलेज रोडच्या एक वाचक)

उत्तर : आरशातल्या पक्ष्याला तो प्रतिस्पर्धी समजतोय. जांभळा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. विणीच्या दिवसांत त्याला स्वतःची हद्द राखायची असते आणि आरशातला नर काही केल्या पळून जात नाही! आरशावर जुना मोजा चढवा, भांडण मिटेल. पावसाळ्यानंतर त्याचा हा झगझगीत रंग जातो. मादीसारखा फिकट होतो आणि छातीवर एक काळसर पट्टा तेवढा उरतो.

लोंबणारा कचरा हे घरटंच. वाळकी पानं, सालीचे तुकडे, सुरवंटांची विष्ठा, आणि हे सगळं बांधायला कोळ्याची जाळी. दाराच्या वर छोटीशी पडवीही असते. बांधणं आणि उबवणं, दोन्ही मादीचं काम. पिल्लांना भरवायला मात्र नर येतो. अंडी बहुधा दोन. उबायला पंधरवडा आणि पिल्लं उडायला साधारण तेवढाच काळ. तोवर कपडे गच्चीवर वाळवा. घरातला जाळी-जळमटं काढायचा झाडूही त्या कोपऱ्यात फिरवू नका, तिचा माल तिथूनच येतो.

शिंजीर मधावर जगतो हे अर्धंच खरं. पिल्लांना तो कोळी आणि किडे भरवतो. इंदिरानगरच्या ताईंना बाटली परत करायला का सांगितलं, ते आता कळलं असेल.

प्रश्न : सोसायटीत पक्ष्यांसाठी पाणी ठेवलं की डास होतात म्हणून कमिटी ओरडते. (पाथर्डी फाटा)

उत्तर : कमिटीचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमचंही. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून जुनं पाणी रोज ओतून टाका, आणि दर दोन दिवसांनी भांडं काथ्याने घासा. नुसतं ओतून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. भांडं मातीचं, पसरट, दोन इंचांहून उथळ असावं. आत चार खडे ठेवा, मधमाश्यांना त्यावर उतरून पाणी पिता येतं. जागा सावलीत, मांजराला दबा धरता येणार नाही अशी.

प्रश्न : द्राक्षबागेलगत घर आहे. नळाखालच्या ओलाव्यात मोठा पिवळसर साप दोनदा दिसला. (मखमलाबाद)

उत्तर : वर्णनावरून धामण वाटते. बिनविषारी, आणि उंदरांवर जगणारी. पण पत्रावरून साप ओळखायचा नसतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत. जवळ जाऊ नका, मुलांना लांब ठेवा, नजर त्याच्यावर असू द्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. काठी उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणं गुन्हा आहे. नळाची गळती आधी बंद करा आणि विटांचा ढीग भिंतीपासून हलवा. गारवा आणि उंदीर मिळेनासे झाले की तो आपणहून जागा सोडतो.

प्रश्न : मे फ्लॉवरचा लाल चेंडू दरवर्षी येतो, मग झाड मरतं. दरवर्षी नवा कंद आणावा लागतो का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : मरत नाही, झोपतं. फुलाबरोबर किंवा फुलामागून येणारी पानं पावसाळाभर राहू द्या, तीच पुढच्या मेची शिदोरी साठवतात. थंडीत पानं पिवळी पडली की पाणी बंद करा. कंद उकरून बघायचा मोह आवरा. त्याची मान मातीच्या पातळीला असली की पुरे. घरात रांगतं मूल किंवा कुत्रं असेल तर कुंडी उंचावर ठेवा, कंद विषारी असतो.