'स्वतःला लीन केले' यातला लीन

विचारणा अशी आहे: ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात (2:8) मराठी बायबल ख्रिस्ताविषयी म्हणते, 'त्याने स्वतःला लीन केले.' पण लीन म्हणजे तल्लीन, बुडून गेलेला. मग इथे 'नम्र' हवे होते का?

नाही, लीनच हवा. संस्कृत 'ली' म्हणजे चिकटणे, विरघळणे, दिसेनासे होणे; लय, विलय, प्रलय हे सगळे त्याच घरचे. (शालीन, कुलीन मात्र वेगळे. तिथे 'ईन' हा प्रत्यय आहे.) मराठीने या लीनाला आणखी एक अर्थ दिला. 'एवढा शिकलेला, पण किती लीन!' असे आपण म्हणतो तेव्हा तो माणूस कशात बुडालेला आहे असे कोणाच्या मनात येत नाही. नम्र हा 'नम्' म्हणजे वाकणे यावरून आला. वाकलेला माणूस काम झाले की पुन्हा ताठ होऊ शकतो. लीन म्हटले की ताठा विरलेलाच असतो.

पण त्या वाक्याचे खरे बळ क्रियापदात आहे. एरवी आपण लीन 'होतो'. देवापुढे होतो, थोरांपुढे होतो, कधी परिस्थितीपुढेही होतो. इथे 'केले' आहे आणि कर्म आहे 'स्वतःला'. ग्रीक मुळातही असेच आहे. आदल्याच वचनात 'स्वतःला रिक्त केले' असे येऊन गेलेले आहे. म्हणजे त्याला कोणी नमवले नाही, ही त्याची स्वतःची कृती आहे. 'स्वतःला नम्र केले' म्हणून पाहा, आधीचा उद्धटपणा आवरल्यासारखे वाटते.

ही कृती कशी दिसते ते बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. येशू जेवणावरून उठतो, वरची वस्त्रे काढतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्यांतला पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी वसईच्या एका चर्चमध्ये मी हे जवळून पाहिले. बाकावर बारा जण, समोर गुडघे टेकलेले फादर. भेगाळलेल्या टाचांचे एक आजोबा होते. त्यांची पाळी आली तसा त्यांनी पाय मागे घेतला, 'नको फादर' म्हणाले. फादरांनी काही न बोलता तो हातात घेतला, पाणी घातले, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसला. लीन केले म्हणजे काय, ते मला तेव्हा समजले.

माझी तक्रार लीनबद्दल नाही, 'दास'बद्दल आहे. त्याच ओळींत त्याने 'दासाचे स्वरूप' घेतल्याचे म्हटले आहे. मराठी कानाला दास गोड लागतो. दास्यभक्ती आहे, रामदास आहेत. दास म्हणवून घेण्यात आपल्याकडे मान आहे. ग्रीक 'डूलॉस' म्हणजे मात्र बाजारात विकला जाणारा गुलाम. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली. रोमन नागरिकत्वाचा तिथे केवढा तोरा! लीनतेसाठीचा ग्रीक शब्द 'टापेनॉस' हाही त्या जगात बहुतेक वेळा हलक्या, खालच्या माणसासाठी वापरायचा. अशा गावाला तुरुंगातून पत्र धाडून पौल सांगतो की तुमचा प्रभू गुलाम झाला आणि गुलामाच्या मरणाने मेला. 'दास' वाचून आपण सहज पुढे जातो. 'गुलाम' वाचले तर अडखळू, आणि अडखळायलाच हवे. दुसऱ्यासाठी आपण खरोखर किती खाली उतरायला तयार आहोत, हा प्रश्न तिथे अंगावर येतो.

त्याच वचनातला 'वधस्तंभ' हा शब्द मात्र मराठीला फार नेमका साधला आहे. पोर्तुगीजांकडून आलेला 'क्रूस' मलाही जवळचा आहे, पण तो आता सोन्याचा होऊन गळ्यातही असतो. वधस्तंभात वध ऐकू येतो. क्रूसावर खिळणे ही रोमन लोकांत मुख्यतः गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती, नागरिकाला सहसा ती देत नसत. म्हणून 'मरण, आणि तेही वधस्तंभावरचे' यातल्या 'आणि तेही'वर मी मोठ्याने वाचताना थांबतो.