टाकीला दोष देण्याआधी ऑर्थो-पॅरा तपासा

तुम्ही लिहिलंय की टाकीचं निर्वात आवरण दोनदा तपासलं, गळती सापडली नाही, तरी पहिल्या दिवशी द्रव हायड्रोजनचा जवळपास पाचवा हिस्सा उडाला आणि पुढे हा वेग आपोआप उतरत गेला. अगदी हेच मी भोगलंय. उत्तर त्या ‘उतरत गेला’मध्येच आहे. आवरण खराब असतं तर रोज साधारण तेवढाच उडाला असता.

हायड्रोजनचे रेणू दोन प्रकारचे: दोन प्रोटॉनचे स्पिन (कणांचा एक क्वांटम गुणधर्म) एकाच दिशेला असले तर ऑर्थो, उलट असले तर पॅरा. 20 केल्विनला, म्हणजे द्रव हायड्रोजनच्या तापमानाला, समतोलात 99.8 टक्के पॅरा असायला हवं. पण वायू झटपट थंड करून द्रव केला, तर खोलीच्या तापमानाचं 75 टक्के ऑर्थो तसंच अडकून पडतं. ही मेटास्टेबल अवस्था, म्हणजे समतोल नसूनही टिकून राहणारी. त्याचं पॅरा व्हायला रेणूतल्या दोन प्रोटॉनच्या स्पिनची जुळणीच बदलावी लागते आणि साध्या धडकांनी ते होत नाही. विषम चुंबकीय क्षेत्र लागतं. द्रवात ते शेजारचे ऑर्थो रेणूच थोडंफार पुरवतात, म्हणून ऑर्थो घटतं तसा बदलही मंदावतो. ऑर्थोचं पॅरा होण्याच्या या पूर्ण बदलात किलोमागे सुमारे 527 किलोज्यूल सुटतात, आणि बाष्पीभवनाला लागतात सुमारे 446! उष्णता बाहेरून येतच नाही, मग आवरण काय करणार?

माझी घोडचूक म्हणजे मी पुरवठादाराच्या शुद्धतेच्या दाखल्यावर विसंबलो. त्यात 99.999 टक्के लिहिलं होतं, पॅराचा उल्लेखही नव्हता. विचारलं तर ‘शुद्ध आहे म्हटलं ना’ एवढंच उत्तर, तेही तीन पत्रांनंतर. तोवर चार महिने मी चांगलं आवरण पुन्हा पुन्हा पंप करत बसलो होतो. पॅराचा आकडा लेखी घेतल्याशिवाय माल घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

हा बदल आधीच उरकायला उत्प्रेरक लागतो, सहसा फेरिक ऑक्साइड. 1929 मध्ये बोनहोफर आणि हार्टेक यांनी कोळसा वापरला होता. उत्प्रेरक वायू थंड करण्याच्या वाटेवरच ठेवा. भरलेल्या टाकीत टाकलात तर सगळी उष्णता एकदम सुटेल. तुमची यंत्रणा मी पाहिलेली नाही, त्यामुळे रिलीफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) हिशोब तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडूनच करून घ्या.

नमुन्यातलं पॅराचं प्रमाण वायूच्या उष्णतावाहकतेवरून तपासता येतं. फक्त नळी गंजलेली नको: गंजही उत्प्रेरकच, वायू गरम होताना तो पॅराचं पुन्हा ऑर्थो करतो आणि आकडा खोटा येतो.