वडिलांना टीबी झाला. माझी त्वचाचाचणी पॉझिटिव्ह, एक्स-रे स्वच्छ. शरीर हे जंतू मारून का टाकत नाही?
कारण ज्या पेशीनं जंतूला मारायचं, तिच्याच पोटात तो तग धरतो. फुप्फुसातली मॅक्रोफेज पेशी त्याला गिळते, पण तो अडकतो त्या पोकळीत पेशीचे पाचक रस तो उतरूच देत नाही. शिवाय त्याचं कवच मेणचट. मग टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मदतीला येतात, भोवती गाठ बनते. जंतू कोंडला जातो, मरतोच असं नाही. अशा अवस्थेत तुमच्याकडून इतरांना लागण होत नाही. सोलापुरात थुंकी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, त्यावरून कळकळीनं सांगते: पुढे आजार 5 ते 10 टक्के लोकांनाच होतो, मात्र मधुमेह, एचआयव्ही, स्टेरॉइड किंवा विडी-सिगारेट असेल तर धोका वाढतो. सरकारी दवाखान्यात प्रतिबंधक गोळ्यांबद्दल लगेच विचारा.