सहा पिढ्यांपूर्वीचा पूर्वज मॉरिशसला मजूर म्हणून गेला की काळ्या पाण्यावर, हे कसं शोधायचं?

प्रश्नकर्ते रत्नागिरी जिल्ह्यातले मोरे. सहा पिढ्यांपूर्वीचा घरातला धाकटा भाऊ जहाजाने गेला तो परतला नाही. घरात कोणी म्हणतं मॉरिशसला ऊसमळ्यात, कोणी म्हणतं काळ्या पाण्यावर. छापील वंशावळीत त्याच्या नावापुढे ‘निर्वंश’ आहे. खरं काय, कागद कुठे मिळतील आणि खर्च किती, असं त्यांनी विचारलंय.

‘निर्वंश’ वाचलं आणि राहवलं नाही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

आधी साल ठरवा. आडनाव, जात, गाव सगळं त्यानंतर. काळं पाणी म्हणजे अंदमान हे फक्त १८५८ नंतर खरं आहे. पोर्ट ब्लेअरला कैद्यांची पहिली तुकडी त्या वर्षीच्या मार्चमध्ये उतरली. त्याआधी मुंबई इलाख्यातल्या कैद्यांना सिंगापूर-पिनांगला पाठवत, एडनला पाठवत आणि १८१५ ते १८३७ या काळात मॉरिशसलाही पाठवत. बंगाल आणि मुंबई मिळून साधारण दीड हजार कैदी मॉरिशसला गेले, रस्ते आणि पूल बांधायला. १८३६ मध्ये डार्विन पोर्ट लुईसला उतरला तेव्हा त्याने हे लोक पाहिले आणि त्यांच्याबद्दल आदराने लिहून ठेवलं. तेव्हा तुमच्या घरातले दोन्ही पक्ष एकाच वेळी बरोबर असू शकतात.

करारावरचे मजूर मॉरिशसला १८३४ पासून गेले. मध्ये १८३८ च्या सुमारास सरकारने ही भरती बंद केली, ती १८४३ मध्ये पुन्हा सुरू झाली. एकूण साडेचार लाखांवर लोक गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले दहा टक्क्यांच्या आतच, आणि तेही बहुतेक १८४० ते १८६० च्या दशकांत. घरातली आठवण १८९० च्या दशकातल्या दुष्काळाच्या आसपासची असेल तर मॉरिशसबद्दल शंकाच घ्या. सहा पिढ्या म्हणजे ढोबळमानाने १८५० च्या आगेमागे. तुमच्या बाबतीत मजूर असण्याची शक्यता जास्त दिसते.

आता आडनाव विसरा. मॉरिशसच्या रजिस्टरात ‘मोरे’ शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही. उतरताना मजुराचं नाव आणि बापाचं नाव लिहिलं जाई, आणि पुढच्या पिढीत मजुराचं नावच आडनाव होऊन बसे. मोऱ्यांचा सखाराम तिथे गेला की त्याची नातवंडं ‘सकाराम’ आडनावाची. खरी ओळख म्हणजे इमिग्रेशन नंबर. उतरलेल्या प्रत्येकाला ओळीने नंबर मिळायचा, त्यामुळे नुसत्या नंबरावरून साल आणि जहाज काढता येतं. ही रजिस्टरं मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. नाव, बाप, वय, उंची, जात, अंगावरच्या खुणा, गाव, तालुका, जिल्हा, जहाज, उतरल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं हे सगळं नोंदीत असतं. १८६० च्या दशकापासून बऱ्याच जणांचे फोटोही आहेत.

तिथल्या वंशजांना नंबर सहसा घरच्या जुन्या विवाह किंवा मृत्यूच्या दाखल्यावर मिळतो. फक्त धार्मिक लग्न सरकारदरबारी धरत नसत, त्यामुळे मुलांची नोंद अनेकदा आईच्या नावावर असते. साखळी तुटली असं वाटलं की आईकडून जा. तुम्ही इकडचे, तुमच्याकडे नंबर नाही. मग बापाचं नाव, गाव आणि दहा वर्षांच्या आत बसणारं अंदाजे साल या तीन गोष्टी हव्यातच. तिन्हींपैकी एक जरी नसली तरी शेकडो ‘रामा’ आणि ‘भिकू’ समोर येतात.

एक उदाहरण लांबण लावून सांगतो, कारण सगळे अडथळे त्यात आले. मॉरिशसचं एक कुटुंब रजिस्टरचा उतारा घेऊन आलं, रत्नागिरीकडची बाजू माझ्याकडे होती. नाव सोनू, बाप रामा, वय २२, डाव्या भुवईवर व्रण, जात ‘मराठा’. गावाच्या रकान्यातली शाई उडालेली, तालुका ‘अंजनवेल’. ते थेट गुहागरजवळच्या अंजनवेल गावात गेले, घरोघर विचारलं, कुणालाच काही माहीत नाही. असणार कसं? त्या काळी अंजनवेल हे तालुक्याचं नाव होतं. दापोलीकडचा भाग तसाच ‘सुवर्णदुर्ग’ तालुका म्हणून येतो, आणि मालवण १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. आजचा नकाशा समोर ठेवून जुनं रजिस्टर वाचता येत नाही.

गाव मिळालं ते शेजारच्या नंबरांवरून. मजूर एकेकटे क्वचित जात. आधी जाऊन आलेला गाववालाच भरती करायचा आणि माणसं गटाने जहाजावर चढायची. म्हणून आपल्या नंबराच्या पुढचे-मागचे वीस-पंचवीस नंबर नेहमी मागवायचे. सोनूच्या पुढे तिघे जण त्याच तालुक्याचे होते आणि त्यातल्या एकाचं गाव स्वच्छ अक्षरात ‘पालसेट’. साहेबाच्या कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं पालशेत. त्या पानावर जातीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘मराठा’च होतं, कारण तिथे मुंबईहून आलेल्या कुणालाही मराठा म्हणत. गावात मिळालेलं घर निघालं कुणब्यांचं. जातीच्या रकान्यावर काही उभं करू नका. आणि ‘परवारी’ लिहिलेलं दिसलं तर ती महार कुटुंबाची नोंद आहे. वाचता न आल्याने लोक ते सोडून देतात.

गावात अडचण वेगळीच. परदेशातून कोणी ‘आम्ही तुमचेच’ म्हणत आलं की पहिला विचार येतो सातबाऱ्याचा. तोंडं मिटतात. पहिल्याच बैठकीत, चहाच्या आधी, ‘आम्हाला जमीन नको, हक्कसोड लागलं तर लिहून देतो’ असं स्पष्ट सांगायचं. तलाठ्याकडे आधी जायचं नाही, गेलात की बातमी उलटी पसरते. शिमग्यात जा. मुंबईकर घरी असतात, आणि पालखी कोणत्या घरी कोणत्या क्रमाने जाते यावरून मूळ घर कोणतं हे गुरव आणि मानकरी नेमकं सांगतात.

कागद म्हणाल तर कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, १८५० चा माणूस शोधण्यात वेळ घालवू नका. ते पुष्कळ नंतरचं आहे. कोकणात खरा आधार खोताच्या मोडी दप्तराचा. सोनूच्या बाबतीत वसुलीच्या यादीत आधी ‘रामा’ कूळ म्हणून येतो, पुढे त्याच जमिनीवर ‘भिकू बिन रामा’, म्हणजे रामाचा मुलगा भिकू. धाकट्याचं नाव नाहीच. वाडी जुळली, बाप जुळला, काळ जुळला. मी याला ‘बहुधा तेच’ म्हणतो, पुरावा म्हणत नाही.

इथेच जुना वाद आहे. त्या घराण्याचा वृत्तांत छापणाऱ्या संपादकांना हे सगळं दिलं. म्हणाले, रजिस्टरातला सोनू आमचाच कशावरून? प्रश्न रास्त आहे. पण मग ‘निर्वंश’ कशावरून लिहिलंत? त्याला तर एक चिठोराही आधार नाही. ज्याची बातमी आली नाही त्याचा वंश बुडाला असं परस्पर ठरवायचं आणि ज्याच्याकडे सरकारी नंबर आहे त्याच्याकडून शपथपत्र मागायचं, ही शोधाची रीत नव्हे. एका दुसऱ्या घराण्यात कैद्याची ओळच गाळली, ‘व्यापारानिमित्त परदेशी’ असं घातलं. मला हे खोटं लिहिणं वाटतं आणि तसं मी तोंडावर सांगितलं. दरोड्याखाली गेलेला माणूस आपला असतो. आणि उलट बाजूने, प्रत्येक कैद्याला सत्तावनचा वीर करणंही थांबवा. शिक्षेचा कागद बघा, कलम बघा, मग लिहा.

तो कागद कुठे? काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र पुराभिलेखागार आहे. तिथे न्याय विभागाचे वर्षवार खंड मागा. सूची आरोपीच्या नावाने नसते, विषय आणि ठिकाणाने असते, म्हणून सालाशिवाय जाऊ नका. १८६२ मध्ये हायकोर्ट आलं. त्याआधीच्या शिक्षा सदर फौजदारी अदालतीच्या कागदांत बघायच्या. अंदमानसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृह खात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेच्या फायली आहेत, त्यातल्या बऱ्याच ‘अभिलेख पटल’ या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. पोर्ट ब्लेअरमधलं पुष्कळ दप्तर १९४२ ते ४५ च्या जपानी ताब्याच्या काळात नष्ट झालं, त्यामुळे तिकडे जाण्याआधी मुंबई-दिल्ली संपवा.

खर्च विचारलात. कागदाच्या नकला स्वस्त, मोडी वाचणाऱ्याचे पैसे पानागणिक आणि आधी ठरवून.

काही गोष्टी राहिल्या. घर सावंतवाडी संस्थानातलं असेल तर वरचं जमिनीच्या दप्तराबद्दलचं लागू नाही, ते दप्तर वेगळं होतं. मॉरिशसला गेलेल्यांपैकी बरेच करार संपल्यावर परतले, तेव्हा परतीची नोंदही मागा. तुमचे पूर्वज मुंबईत उतरून गावी आलेच नसतील असंही होऊ शकतं. आणि तिकडे वंशज सापडले तर एवढं कळवा: मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपतींनी मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड, देण्याची घोषणा केली आहे, आणि वंश दाखवायला मोकाचा उतारा लागतो. तो त्यांना इकडच्या गावाच्या बरोबर नावासकट मिळाला तर तुमच्या वंशावळीच्या पुढच्या आवृत्तीत ‘निर्वंश’ काढून ‘मॉरिशसला स्थायिक’ आणि पुढे नंबर छापा. नाही मिळाला तर ‘पुढील माहिती नाही’ एवढंच लिहा.