ओसीटीएत रक्तवाहिन्या दिसल्या तरी इंजेक्शन का नाही, आणि डाय अँजिओग्राफी कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बाबांचं वय ७१, दोन्ही डोळ्यांत एएमडी, म्हणजे वयोमानाने होणारी मॅक्युलाची (पडद्याच्या मध्यभागाची) झीज. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत, पण पडद्याखालचं (रेटिनाखालचं) पाणी पूर्ण हटत नाही, म्हणून आयसीजी नावाचा रंग शिरेत टोचून करायची डाय अँजिओग्राफी सांगितली आहे. डाव्या डोळ्याच्या ओसीटी (प्रकाशाने पडद्याचे छेद दाखवणारा स्कॅन) अँजिओग्राफीत, म्हणजे ओसीटीएत, रक्तवाहिन्यांचं जाळं आलं, तरी इंजेक्शन न देता सहा आठवड्यांनी बोलावलं आहे. बिनसुईची तपासणी झालेली असताना डाय कशाला, आणि जाळं दिसत असताना उपचार का नाही, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही दिलेल्या माहितीवरून दोन्ही निर्णय बरोबर वाटतात. ओसीटीए नेमकं काय मोजते हे एकदा कळलं की कारणही लक्षात येईल.

मॅक्युलाला रक्त दोन बाजूंनी मिळतं. आतल्या थरांना मध्यवर्ती रेटिनल धमनीच्या फांद्या पुरवतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी मात्र मागच्या कोरॉइडवर अवलंबून असतात, आणि डोळ्यात येणाऱ्या रक्ताचा फार मोठा वाटा तिकडेच जातो. कोरॉइडचा सर्वांत पुढचा, केशवाहिन्यांचा पातळ थर म्हणजे कोरिओकॅपिलॅरिस. त्याच्यापुढे ब्रुखचा पडदा आणि त्याला लागून रंगद्रव्य पेशींचा थर, आरपीई. आरपीईच्या पुढचा, प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा भाग निरोगी डोळ्यात पूर्णपणे रक्तवाहिनीविरहित असतो. त्यामुळे तिथे प्रवाह दिसला तर ती नवी, रोगट वाहिनी असते किंवा यंत्राचा आभास. या दोहोंत फरक करणं हेच रिपोर्ट वाचणाऱ्याचं खरं काम.

ओसीटीएमध्ये यंत्र पडद्याच्या एकाच रेषेवरून काही मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा छेद घेतं आणि त्यांची तुलना करतं. ऊती स्थिर असतात, लाल पेशी हलतात. जिथे दोन छेदांत फरक पडला तिथे प्रवाह आहे असं धरून तो भाग उजळ दाखवला जातो. म्हणजे हा हालचालीचा नकाशा आहे. त्यात गळती दिसत नाही, कारण वाहिनीतून झिरपून साचलेल्या पाण्यात हलणाऱ्या पेशीच नसतात. उजळपणावरून वेगही मोजता येत नाही. एका मर्यादेपलीकडे वेग वाढला तरी उजळपणा वाढत नाही, आणि फार मंद प्रवाह दिसतच नाही. म्हणून रिपोर्टमध्ये ‘प्रवाह नाही’ असं असेल तर ते ‘यंत्राला पकडता येण्याइतका प्रवाह नाही’ असं वाचायचं.

आता डावा डोळा. आरपीईखाली जाळं आहे, पण ना पडद्याखाली पाणी, ना पडद्यात सूज, ना रक्तस्राव. याला नॉन-एक्झुडेटिव्ह, म्हणजे न गळणारी मॅक्युलर निओव्हॅस्क्युलरायझेशन (मॅक्युलातली नव्या वाहिन्यांची वाढ) म्हणतात. ओसीटीए येण्यापूर्वी ही अवस्था आयसीजीशिवाय नीट दिसत नसे, आणि सुक्या (पाणी-रक्तस्राव नसलेल्या) एएमडीच्या रुग्णाला सहसा कोणी डाय टोचत नसे. म्हणून आता ती जास्त सापडते. अशा डोळ्यात पुढे पाणी येण्याचा धोका जाळं नसलेल्या डोळ्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो, हे खरं आहे. पण बरीच जाळी महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षं शांत राहतात. प्रकाशपेशींना कमी पडलेला रक्तपुरवठा अशी जाळी काही अंशी भरून काढत असावीत, असाही एक गंभीरपणे मांडला गेलेला विचार आहे. इंजेक्शनचं औषध गळती थांबवण्यासाठी असतं. गळतीच नसेल तर डोळ्याच्या आत सुई घालण्याचा छोटा पण खरा धोका, जंतुसंसर्गाचा, कशासाठी पत्करायचा? म्हणून लक्ष ठेवायचं, आणि साध्या ओसीटीवर पाणी दिसलं की त्या दिवशी उपचार सुरू करायचे. सहा आठवडे हे अंतर योग्य आहे. ती तारीख मात्र चुकवू नका.

ते जाळं खरं आहे का, हे आधी बघायला हवं. सर्वांत जास्त फसवतो तो प्रोजेक्शनचा आभास. वरच्या वाहिन्यांतून जाणाऱ्या पेशींची हलती सावली खालच्या चमकदार आरपीईवर पडते आणि यंत्राला तिथेही प्रवाह वाटतो. ओळखायची खूण सोपी आहे: खालच्या थरातली नक्षी वरच्या थरातल्या वाहिन्यांशी हुबेहूब जुळत असेल, तर ती सावली. दुसरी चूक थरांच्या सीमारेषांची. सॉफ्टवेअर थर गुळगुळीत आहेत असं धरून रेषा आखतं, पण ड्रुसेनने (आरपीईखाली साचणाऱ्या पिवळसर ठिपक्यांनी) किंवा पाण्याने आरपीई उचललेला असेल तर रेषा घसरते आणि ‘कोरिओकॅपिलॅरिस’ म्हणून भलताच थर दाखवला जातो. तंत्रज्ञाने छेद एकेक करून बघून रेषा हाताने दुरुस्त करायच्या असतात. गर्दीच्या दिवशी हे राहून जातं. तिसरी गोष्ट सावलीची: मोठा ड्रुसेन, रक्ताचा डाग, पिकलेला मोतीबिंदू यांच्यामागे प्रकाशच कमी पोचतो आणि तिथे काळा डाग येतो. त्याला ‘रक्तपुरवठा बंद’ म्हणण्याआधी त्याच थराची साधी ओसीटी प्रतिमा शेजारी ठेवायची. तीही तिथेच काळी असेल, तर त्या डागावरून प्रवाहाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

यासाठी छापील कागदावरच्या चार चौकोनी चित्रांवर विसंबू नका. डॉक्टरांना ‘प्रवाहाचे रंगीत ठिपके घातलेला आडवा छेद’ दाखवायला सांगा. आरपीई आणि ब्रुखचा पडदा यांच्यात सपाट, जरा उचललेली जागा असेल आणि तिच्या आत प्रवाहाचे ठिपके असतील, तर जाळं खरं असण्याची शक्यता बरीच आहे. रिपोर्टवरची सिग्नलची पातळीही बघा. १० पैकी गुण देणाऱ्या यंत्रांवर ७ च्या खालच्या प्रतिमेवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. ‘व्हेसल डेन्सिटी’चा, म्हणजे चित्रात वाहिन्यांनी व्यापलेल्या भागाचा, टक्का तर दोन वेगळ्या यंत्रांत, किंवा एकाच यंत्रावरच्या ३ बाय ३ आणि ६ बाय ६ मिलिमीटरच्या स्कॅनमध्ये, कधीच ताडून बघू नये. पुढच्या वेळी तेच यंत्र आणि तोच आकार मागा.

उजव्या डोळ्याचं कोडं वेगळं आहे. नियमित इंजेक्शनं देऊनही पाणी राहत असेल, तर पहिली शंका पॉलिपॉइडल कोरॉइडल व्हॅस्क्युलोपथीची, पीसीव्हीची. तिच्यात जाळ्याच्या टोकांशी फुगवटे, म्हणजे पॉलिप, तयार होतात. आशियाई रुग्णांत ती युरोपीय वंशाच्या रुग्णांपेक्षा बरीच जास्त आढळते, त्यामुळे आपल्याकडे हा विचार लवकर करावा लागतो. नेमकं इथेच ओसीटीए कमी पडते: पॉलिपमध्ये रक्त मंद आणि घुमत फिरतं, म्हणून फांद्यांचं जाळं छान दिसतं आणि पॉलिप गायब असतो.

मग फ्लुरेसिन का नाही? तोही डायच, निळ्या प्रकाशाने उजळणारा. पडद्यातल्या वाहिन्या आणि गळती तो उत्तम दाखवतो. पण कोरिओकॅपिलॅरिसच्या भिंतींना सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून तो झिरपतो आणि मागचं सगळं धुक्यात जातं. शिवाय निळा प्रकाश आरपीईच्या रंगद्रव्यात अडतो. आयसीजी रक्तातल्या प्रथिनांना जवळजवळ पूर्ण चिकटून राहतो, त्यामुळे फारसा गळत नाही. त्याला उजळवणारा प्रकाश ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा, अवरक्त. तो रंगद्रव्य आणि पातळ रक्तस्राव पार करतो. डाय टोचल्यानंतरच्या पहिल्या सहा मिनिटांत ठळक उजळ गाठी दिसल्या, तर त्या पॉलिप. चांगली आयसीजी तपासणी सुरुवातीच्या सेकंदांपासून चित्रं घेते आणि पुढे २० ते ३० मिनिटांपर्यंत अधूनमधून घेत राहते. पीसीव्ही ठरली तर उपचाराची दिशा बदलू शकते: औषध बदलणं किंवा इंजेक्शनबरोबर व्हर्टेपॉर्फिन हे प्रकाशाने सक्रिय होणारं औषध वापरून फोटोडायनॅमिक थेरपी. म्हणून इथे सुई सार्थकी लागते.

आयसीजीला साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम डाय लागतो. तो यकृतावाटे जातो आणि त्याच्या नेहमीच्या पुडीत थोडं आयोडाइड असतं. त्यामुळे आयोडीनची अ‍ॅलर्जी किंवा यकृताचा आजार असेल तर टोचण्याआधी सांगायलाच हवं. फ्लुरेसिनही त्याच बैठकीत देणार असतील तर तो सहसा ५०० मिलिग्रॅम असतो, म्हणजे १० टक्के द्रावणाचे ५ मिलिलिटर. त्यात आयोडीन नसतं. सीटी स्कॅनच्या कॉन्ट्रास्टशी त्याची गल्लत बरेच लोक करतात. टोचल्यावर अर्ध्या-एक मिनिटात मळमळ येऊ शकते. बहुतेकदा ती लगेच जाते, खोल श्वास घेत हनुवटी टेकूवरच ठेवायची. त्वचा काही तास पिवळसर आणि लघवी दिवसभर गडद पिवळी-केशरी होते, घाबरू नका. रक्ताच्या तपासण्या करायच्या असतील तर आदल्या दिवशी करून घ्या, कारण फ्लुरेसिनमुळे काही निकाल चुकतात. टोचताना हातात जोराची आग झाली तर डाय शिरेबाहेर जातोय, लगेच ओरडून सांगायचं. अंगावर गांधी, घसा आवळणं, धाप, यांतलं काहीही झालं तरी तसंच. तीव्र प्रतिक्रिया दुर्मिळ आहे, पण म्हणूनच अ‍ॅड्रेनलिन आणि ऑक्सिजन हाताशी असलेल्या ठिकाणीच ही तपासणी करावी. दम्याचा किंवा आधीच्या रिअ‍ॅक्शनचा इतिहास असेल तर तो संमतीपत्रावर लिहून द्या.

आणखी एक. उजव्या डोळ्यात पुन्हा ओसीटीए केली आणि जाळं अजून दिसलं, तर ‘इंजेक्शनं वाया गेली’ असं समजू नका. औषधाने कोवळ्या, बारीक फांद्या आटतात. जाड खोड राहतंच. यश मोजायचं ते पाण्यावर आणि नजरेवर.

स्कॅनच्या दिवशी: थेंबांनी बाहुली मोठी करून घ्या, डोळे कोरडे असतील तर आधी कृत्रिम अश्रू घाला, दोनदा पापण्या मिटून मग तीन-चार सेकंद स्थिर बघायचं. उजव्या डोळ्याने मधला दिवा दिसत नसेल तर तंत्रज्ञाला सांगा, बाहेरचा दिवा लावून डाव्या डोळ्याने नजर स्थिर ठेवता येते. घरी अ‍ॅम्सलर ग्रिड (चौकटींच्या रेघांचा तक्ता) रोज बघायचा, वाचायचा चष्मा लावून, साधारण ३० सेंटिमीटरवरून, एकावेळी एकच डोळा. डाव्या डोळ्याला रेघा वाकड्या दिसल्या किंवा मध्ये नवा डाग आला, तर सहा आठवड्यांची वाट न बघता दोन-तीन दिवसांत दाखवा.