स्वयंपाकघराच्या छताला एलईडी डाउनलाइट किती आणि कुठे बसवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूरजवळ घराचं काम चालू आहे, स्वयंपाकघर १० बाय १२ फूट, एल आकाराचा कट्टा, स्लॅब टाकून झालाय, आता पीओपी करायची आहे. पीओपीवाला म्हणतो, सारख्या अंतरावर चार-चारच्या तीन रांगा मारून १२ डाउनलाइट (छतात भोक पाडून बसवायचे दिवे) बसवू, एकदम हॉटेलसारखं दिसेल. बारा हवेतच का, आणि पिवळे घ्यावेत की पांढरे?

मी बेळगाव-खानापूर पट्ट्यात वायरिंगची कामं करतो. बारा नकोत. आणि अडचण बाराची नाहीच, रांगांची आहे.

हे मी माझ्याच घरी शिकलो. वडगावातल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर नवीन केलं तेव्हा मीही अशाच चौकटीत आठ लाइट बसवले. जमिनीवर सुई पडली तरी दिसेल असा उजेड. दुसऱ्या दिवशी आई भाकरी थापायला उभी राहिली आणि म्हणाली, "उजेड मोप हाय रे, पण परातीत कुठं हाय?" जाऊन बघितलं तर तिच्याच डोक्याची सावली बरोबर परातीवर. सगळे लाइट तिच्या पाठीमागे. गिऱ्हाइकाकडे असं झालं असतं तर पैसे अडकले असते. आई म्हणून भाकरी तरी मिळाली.

हिशेब सोपा आहे. कट्टा २ फूट रुंद, जमिनीपासून पावणेतीन फूट उंच. स्वयंपाक करणारी बाई साधारण सव्वापाच फूट, कट्ट्याला लागून उभी. पीओपी साडेनऊ फुटांवर. लाइट जर भिंतीपासून ४ फुटांवर आला, तर तिच्या डोक्यावरून येणारी सावली कट्ट्याच्या साधारण मधोमध पडते, म्हणजे जिथं विळी, परात, ताट असतं तिथंच. तोच लाइट भिंतीपासून १८ ते २० इंचांवर आणला की तो डोक्याच्या पुढे येतो, सावली मागे जमिनीवर जाते आणि हात मोकळे होतात. वर फूटभर खोलीची कपाटं असतील तरी २० इंचांवरचा लाइट त्यांच्या तोंडासमोरून सुटतो. भिंतीला याहून जास्त चिकटवला तर टाइल्सवर नुसते उजेडाचे पंखे उमटतात, दिसायला बरे, कामाला शून्य.

आता तुम्ही प्रश्नात ओझरता उल्लेख केलाय तो लॉफ्ट. १० फुटी भिंतीवर सात फुटांवर आरसीसी लॉफ्ट आहे म्हणता. आपल्याकडची निम्मी स्वयंपाकघरं इथंच फसतात. लॉफ्ट २ फुटांचा, खालचा कट्टाही २ फुटांचा. वरून येणारा उजेड लॉफ्ट अडवतो, मागून येणारा उभ्या माणसाचं डोकं. छताला तुम्ही सूर्य टांगलात तरी त्या कट्ट्यावर सावलीच. त्या बाजूला छतात एकही डाउनलाइट टाकू नका. लॉफ्टच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून चार-पाच बोटं आत, ४ फुटी एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखा लांब दिवा, लावा आणि पुढे लाकडाची नाहीतर अॅल्युमिनियमची बारीक पट्टी सोडा, म्हणजे नळी डोळ्यात येत नाही. गॅसच्या बरोबर वर ती येऊ देऊ नका. फोडणीचा धूर आणि तेल बसून सहा महिन्यांत चिकट होईल. चिमणी असेल तर तिथं तिचा स्वतःचा दिवा असतोच.

किती लाइट, याचं माझं गणित: १२० चौरस फूट म्हणजे ११ चौरस मीटर. ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणारा उजेड, लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. घरातल्या स्वयंपाकघराला सर्वसाधारण २०० लक्स पुरतो, म्हणजे २२०० ल्युमेन खाली पोचायला हवेत. पण भिंती, कपाटं, धूळ, धूर निम्मा उजेड खातात, तेव्हा छतातून ४५०० तरी निघायला हवेत. बऱ्या एलईडीला वॅटमागे ९० ल्युमेन धरा. झाले ५० वॅट, म्हणजे १० वॅटचे पाच. कट्ट्यावर चिरायला-निवडायला ३०० ते ५०० लक्स लागतो. तो भिंतीजवळच्या रांगेतून आणि बॅटनमधून येतो. काळं ग्रॅनाइट आणि गडद सनमायका लावणार असाल तर एखादा वाढवा, कारण काळा रंग उजेड गिळतो.

तेव्हा तुमच्या खोलीत: १२ फुटी कट्ट्यावर तीन लाइट, भिंतीपासून २० इंच आत, टोकापासून २, ६ आणि १० फुटांवर. भांडी घासायचं सिंक खिडकीखाली आहे ना, तर त्यातला एक सरकवून सिंकच्या समोर घ्या. दिवसा खिडकी असते, पण भांडी रात्रीच पडतात. उरलेले दोन खोलीच्या मोकळ्या भागात, फ्रिज आणि जेवणाच्या पाटाच्या बाजूला. आणि लॉफ्टखाली बॅटन. बस्स. स्विच तीन वेगळे घ्या: कट्टा, मधले, बॅटन. सगळे एका स्विचवर घेतलेत तर रात्री पाणी प्यायला गेलेला माणूसही अख्खी खोली पेटवणार. इन्व्हर्टर असेल तर कट्ट्याची रांग त्याच्यावर घ्या, खानापूर बाजूला पावसाळ्यात वीज किती टिकते ते तुम्हाला मी सांगायला नको.

पंखा कुठे आहे ते बघा. पात्याच्या वर लाइट आला की पात्यांची सावली कट्ट्यावर लपलपत राहते आणि डोकं धरतं. मधले दोन पात्यांच्या घेऱ्याबाहेर हवेत.

रंगाबद्दल. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तर पिवळा, जास्त तर निळसर. दुकानात तीन नावं ऐकाल: वॉर्म म्हणजे ३००० केल्विन, नॅचरल व्हाइट म्हणजे ४०००, आणि कूल डे लाइट म्हणजे ६५००. आपल्या लोकांना ६५०० जास्त उजेडाचा वाटतो, पण तो निळसर असतो आणि रात्री घराला दवाखान्याची कळा येते. स्वयंपाकघराला मी ४००० लावतो. पावसाळ्यात किडेही निळसर उजेडावर जास्त झेपावतात. म्हणूनच तोंड बंद असलेला, पसरट उजेडाचा लाइट घ्या. उघड्या तोंडाच्या सीओबीत, म्हणजे एकाच ठिपक्यातून झोत मारणाऱ्या लाइटात, मेलेले किडे साठतात. सीओबीचा झोतही अरुंद असतो. ३६ अंशांचा घेतला तर साडेनऊ फुटांवरून कट्ट्यावर चार-साडेचार फुटांचं गोल पडतं, आणि चकचकीत ग्रॅनाइटमध्ये त्याचा ठिपका डोळ्यात टोचतो.

स्विच पुन्हा दाबला की रंग बदलणारे थ्री इन वन लाइट येतात, तेही टाळा. पाचातला एक कधीतरी मागे राहतो, मग चार पांढरे आणि एक पिवळा. ते जुळवायला स्विच खटाखट मारणारी घरं मी बघितली आहेत.

केल्विनपेक्षा मी सीआरआय आधी बघतो, जो दुकानदार सांगत नाही. वस्तूचा खरा रंग किती दिसतो त्याचा तो आकडा. साधे लाइट ८० चे, चांगले ९० चे. खोक्यावर आर ९ हा आकडा दिला असेल तर तोही बघा, तो लाल रंगाचा. कमी असला की संकेश्वरी मिरचीची पूड विटकरी दिसते आणि कांदा लालसर झाला की करपला ते कळत नाही. कट्ट्यावरचे तीन तरी ९० चे घ्या, मधले ८० चे चालतील. खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी, म्हणजे आर आणि पुढे आठ आकडे, आहे का तेवढं बघून घ्या.

बिलाचं म्हणाल तर पाच लाइट आणि २० वॅटचा बॅटन मिळून ७० वॅट. रोज पाच तास चालले तर महिन्याला साडेदहा युनिट. पीओपीवाल्याचे १५ वॅटचे बारा याच हिशेबाने २७ युनिट खातील. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटांची मर्यादा आहे म्हणून लोक निवांत असतात, पण मोफत युनिटं आधीच्या वापराच्या सरासरीवर ठरतात, त्यावरचे पैसे भरावे लागतात.

आता कामाचा क्रम, कारण घोळ इथंच होतो. लाइट आधी विकत आणा, भोक मग. कटआउटचं माप खोक्यावर असतं आणि कंपनीगणिक बदलतं. नेहमीचं गोल माप घ्या. फुलाच्या किंवा षटकोनी आकाराचा उद्या बिघडला तर तसाच मिळणार नाही. पीओपीचे पत्र्याचे चॅनेल ठोकायच्या आधी खुणा द्या, नाहीतर तुमच्या खुणेवर नेमका चॅनेल येतो आणि पीओपीवाला लाइट गुपचूप अर्धा फूट सरकवतो. त्या अर्ध्या फुटात परात परत अंधारात.

खुणा कागदावर देऊ नका. आपल्याकडे साइटवर पीओपीवाला हिंदी बोलतो, गवंडी कन्नड, मालक मराठी, आणि नकाशावर इंग्रजी. मी फरशीवर खडूने गोल काढतो आणि ओळंब्याने वर नेतो. तिथं कुणाचीच भाषा आडवी येत नाही.

त्याआधी एक संध्याकाळ काढा. एक्स्टेंशन वायरला होल्डर आणि १० वॅटचा बल्ब लावा, काठीला बांधून खुणेच्या जागी वर धरा, आणि घरात जी रोज स्वयंपाक करते तिला परात घेऊन कट्ट्याशी उभी करा. तुम्ही स्वतः उभे राहू नका, तुमची उंची वेगळी. ती "इथं" म्हणेल तिथं खूण.

वायर पीओपीच्या वर मोकळी सोडू देऊ नका, पाइपातूनच न्या. उंदीर आधी तीच कुरतडतात. दीडची (दीड चौरस मिलिमीटरची) वायर पुरते. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा छोटा डबा, वेगळा असलेला लाइट घ्या, म्हणजे बिघडला तर क्लिप दाबून लाइट खाली ओढायचा आणि ड्रायव्हर तेवढा बदलायचा. पीओपी बंद व्हायच्या आधी टेप धरून वरच्या पाइपांचे फोटो काढून ठेवा.

लॉफ्टची रुंदी एकदा मोजून कळवा. दोनच्या जागी दीड फूट निघाली तर त्या भिंतीवरही छतातला एक लाइट चालेल, पण मग अंतर २० नाही, २४ इंच धरावं लागेल.