इम्प्लांट की ब्रिज? माझ्या तोंडात दोन्ही आहेत म्हणून सांगतो

तुम्ही विचारलंय की खालची दाढ काढून दीड वर्ष झालं, शेजारचे दोन्ही दात धडधाकट आहेत, डॉक्टर इम्प्लांट करा (म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) म्हणतायत आणि घरचे म्हणतायत ब्रिज बसवून मोकळे व्हा. मी डॉक्टर नाही, पण माझ्या उजवीकडे ब्रिज आणि डावीकडे इम्प्लांट आहे, त्यामुळे दोन्हीकडचं भोगून झालंय.

खरं सांगू का, हा प्रश्न त्या रिकाम्या जागेपेक्षा शेजारच्या दातांचा आहे. ब्रिज म्हणजे मधला खोटा दात दोन बाजूच्या दातांच्या खांद्यावर टाकायचा, आणि त्यासाठी ते दोन्ही दात चहूबाजूंनी घासून बारीक करावे लागतात. एकदा वरचं कठीण आवरण गेलं की ते परत येत नाही. माझे दोन्ही दात चांगले होते तरी मी घासून घेतले, कारण पंधरा दिवसांत काम होणार होतं आणि मला तेवढंच दिसत होतं. नऊ वर्षांनी मागच्या दाढेला कॅपच्या खालून कीड लागली, वरून काहीच दिसत नव्हतं, कळलं तेव्हा रूट कॅनल करून अख्खा ब्रिज नवीन करावा लागला. म्हणजे एका गेलेल्या दातापायी दुसरा अर्धा गेला. पण तेच शेजारच्या दातांवर आधीच कॅप असेल किंवा मोठमोठं सिमेंट भरलेलं असेल तर ब्रिज अजिबात वाईट नाही, ते दात कधीतरी झाकायचेच असतात. तुमचे चांगले आहेत म्हणताय, म्हणून मी तुमच्या डॉक्टरांच्या बाजूने.

आता दुखण्याचं. भूल दिल्यावर हाडात ड्रिल करताना दुखत नाही, फक्त घरघर जाणवते आणि पाणी सारखं तोंडात येत राहतं. ते पाणी हाड थंड ठेवायला असतं, हाड 47 डिग्रीच्या वर मिनिटभर जरी तापलं तरी तिथल्या पेशींना इजा होते, म्हणून हे काम सावकाश करणारा डॉक्टर चांगला. मला दाढ काढतानाच जास्त त्रास झाला होता, इम्प्लांटनंतर दोन-तीन दिवस सूज आणि गोळ्या, बास.

खरा कस लागतो तो थांबण्याचा. आत बसवतात तो टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे दाताचं मूळ समजा, दात नाही. हाड त्या स्क्रूला अगदी चिकटून वाढलं की मग वर कॅप. ही भानगड सापडली पण गमतीने, ब्रोनेमार्क नावाचे एक स्वीडिश डॉक्टर 1952 च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवून रक्तपुरवठा बघत होते, काम झाल्यावर काढायला गेले तर ते निघेचना, हाडाने धरून ठेवलेलं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले, ते तो जाईपर्यंत, चाळीस वर्षं, टिकले. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने थांबवतात, वरचं हाड जरा पोकळ असतं म्हणून तिकडे जास्त. मला सात महिने लागले, कारण मी दात काढून चार वर्षं जागा तशीच ठेवली होती. चावण्याचा दाब गेला की तिथलं हाड झिजतं, सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात, शिवाय शेजारची दाढ त्या खड्ड्यात कलते आणि वरची खाली उतरायला लागते. मग आधी बोन ग्राफ्ट, म्हणजे झिजलेल्या हाडात भर घालायची, मग इम्प्लांट. तुमचं दीड वर्ष झालंय, अजून विचार करत बसू नका, निदान सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) करून हाड किती उरलंय ते तरी बघून घ्या.

डॉक्टरांपासून काही लपवू नका. सिगरेट, कंट्रोलमध्ये नसलेली शुगर, हाडं ठिसूळ होतात त्यावरच्या गोळ्या किंवा इंजेक्शन, जबड्याला कधी रेडिएशन दिलं असेल तर ते, या सगळ्याचा फरक पडतो.

आणि इम्प्लांटला कीड लागत नाही हे ऐकून निवांत होऊ नका, मी झालो होतो. कीड नाही लागत पण भोवतीची हिरडी सडू शकते आणि आतलं हाड हळूहळू जातं, तेही बहुतेकदा न दुखता. रोज त्या फटीतून छोटा इंटरडेंटल ब्रश फिरवायचा, आणि घासताना रक्त दिसलं तर लगेच दाखवायचं. खऱ्या दाताखाली हाडाच्या आधी एक बारीकशी गादी असते, इम्प्लांटला ती नसते, त्यामुळे जास्त जोरात चावलं जातंय हे आपल्याला पटकन कळतच नाही. झोपेत दात खायची सवय असेल तर आधीच सांगा, नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं कव्हर, देतील.

अजून एक, स्क्रू कुठल्या कंपनीचा, कुठल्या साइजचा ते लिहिलेलं कार्ड मागून घ्या. माझी कॅप तिसऱ्या वर्षी हलायला लागली, मी तेव्हा परगावी होतो, तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, कारण प्रत्येक कंपनीचा पाना वेगळा असतो. घरी फोन करून कपाटातल्या त्या कार्डाचा फोटो मागवला, मग दहा मिनिटांत कॅप घट्ट झाली.